मुक्काम पोस्ट वेस्टवर्ड हो!

पत्ता लिहून दिला की समोरचा माणूस एकदा कागदाकडे बघतो, एकदा माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "हे शेवटी काय आहे? चुकून पडलंय का?" कुरियरच्या काउंटरवरच्या मुलाने विचारलं, बँकेतल्या बाईंनी विचारलं, भाच्याच्या मुंजीत पंगतीला शेजारी बसलेल्या अनोळखी काकूंनी जिलबी बाजूला सारून विचारलं. आता तुम्हीही विचारलंत. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदा बैठक मारून सगळं सांगूनच टाकते.

चुकून पडलेलं नाही. आमच्या गावाच्या नावातच उद्गारचिन्ह आहे. वेस्टवर्ड हो! असंच लिहायचं. नकाशावर तसंच, रस्त्याच्या पाटीवर तसंच. बार्नस्टेपल, बिडफर्ड अशी शहाण्यासारखी गावं घेत येणारी बस शेवटच्या थांब्याला एकदम ओरडते. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाकडे डेव्हन नावाची काउंटी आहे. तिच्या उत्तर किनाऱ्यावर, बिडफर्डपासून तीनेक मैलांवर, अटलांटिककडे तोंड करून हे गाव बसलंय. नावात उद्गारचिन्ह मिरवणारं ब्रिटनमधलं हे एकमेव गाव. कॅनडात, क्वेबेक प्रांतात, सें-लुई-द्यु-हा! हा! नावाचं एक गाव आहे. त्यांच्याकडे दोन उद्गारचिन्हं आहेत. आमच्या गावात हा विषय कोणी काढत नाही.

मी इथे नऊ वर्षांपूर्वी आले. बार्नस्टेपलमध्ये फार्मासिस्टची नोकरी लागली आणि घर इथे मिळालं. बातमी द्यायला आजीला फोन केला.

"कुठे घर घेतलंस म्हणे?"

"वेस्टवर्ड हो."

"हो ना, तेच विचारतेय. कुठे?"

"अगं आजी, वेस्टवर्ड हो!"

"हो हो काय करतेस? गावाचं नाव सांग की."

शेवटी बाबांनी फोन घेऊन 'डेव्हन' एवढंच सांगितलं आणि प्रकरण मिटवलं. आजी पुढे सगळ्यांना 'नात देवनारला असते' असं सांगायची. आम्हीही ते दुरुस्त केलं नाही. देवनार निदान ऐकलेलं तरी असतं.

बाबांचा प्रश्न वेगळा होता. माझे बाबा निवृत्त मुद्रितशोधक. चाळीस वर्षं पुण्यातल्या छापखान्यांत आणि प्रकाशकांकडे दुसऱ्यांची वाक्यं तपासण्यात गेली. उद्गारचिन्हाशी त्यांचं जुनं वैर. "वाक्यात दम असला तर ते लागत नाही, आणि नसला तर त्याने येत नाही," असं म्हणत ते लाल पेनाने उडवत सुटायचे. एका कौटुंबिक कादंबरीतून त्यांनी दोनशेच्या वर उद्गारचिन्हं काढली होती. लेखिका पुढे कधी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मी नव्या पत्त्याचा फोटो त्यांना पाठवला, तर त्यांनी शेवटच्या चिन्हाभोवती लाल गोल काढून, काढून टाकण्याची खूण करून तो परत पाठवला. लेकीचा पत्ताही तपासल्याशिवाय सोडायचा नाही.

मग सुरू झाली विभक्तीची भानगड. इंग्रजीला काय, ते आपलं शब्दयोगी अव्यय आधी लावून मोकळे होतात. आपल्याला प्रत्यय शेवटी चिकटवावा लागतो, आणि शेवटी तर चिन्ह बसलेलं. 'मी वेस्टवर्ड हो!ला राहते' असं लिहायचं? 'वेस्टवर्ड हो!हून निघाले'? 'हो!चा किनारा छान आहे'? वाक्याच्या मधोमध माणूस दचकून ओरडतो आणि पुढच्या अक्षरापासून काही झालंच नाही अशा आवाजात बोलायला लागतो, असं ते दिसतं. वाक्य गावाच्या नावाने संपलं तर आणखी पंचाईत. पुढे पूर्णविराम द्यायचा की नाही? आणि प्रश्न असेल तर? 'तुम्ही कधी येताय वेस्टवर्ड हो!?' बाबांनी यावर आठवडाभर विचार केला आणि कळवलं, "डेव्हनला येऊ."

संगणकाचंही बाबांसारखंच मत आहे. ऑनलाइन अर्ज भरताना गावाच्या रकान्यात ते चिन्ह टाकलं की लाल अक्षरांत सूचना येते, 'कृपया फक्त अक्षरे वापरा'. काढून टाकलं तर दुसरा एखादा अर्ज सांगतो, असं गाव आमच्या यादीत नाही. फोनवर कोणाला पत्ता द्यायचा तर स्पेलिंगच्या शेवटी 'एक्स्क्लमेशन मार्क' म्हणावं लागतं. एकदा एका विमा कंपनीच्या मुलाने त्यावर काळजीने विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही ठीक आहात ना?" गावातले लोक मात्र हे नाव इतक्या सपाट आवाजात घेतात की त्यात काही उद्गारण्यासारखं आहे असं वाटतच नाही.

आता हे नाव आलं कुठून ते सांगते. बहुतेकांचा समज असा की कोणी धाडसी दर्यावर्दी इथून अमेरिकेकडे जहाज हाकारताना ही आरोळी ठोकून गेला. ऐकायला छान आहे. पण मूळ आरोळी समुद्रावरची नव्हेच, ती लंडनच्या नदीवरची. आणि ठोकणारा माणूस आपल्या स्वारगेटच्या सहा आसनी रिक्षावाल्याचा सख्खा भाऊ.

शेक्सपिअरच्या काळातलं लंडन डोळ्यांसमोर आणा. थेम्सवर शहरात पूल एकच, लंडन ब्रिज, आणि त्यावरही घरांची नि दुकानांची दाटी. नदी ओलांडायची तर होडी, आणि गल्लीबोळांतला चिखल टाळून शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं तरी होडीच. काठावरच्या पायऱ्यांवर नावाडी उभे असायचे आणि गिऱ्हाईक दिसलं की ओरडायचे. 'वेस्टवर्ड हो!' म्हणजे वेस्टमिन्स्टरच्या बाजूचे, चला. 'ईस्टवर्ड हो!' म्हणजे ग्रीनिचकडचे, चला. त्या 'हो'ला स्वतःचा अर्थ नाही, ती नुसती हाक. आपण 'मित्रहो' म्हणताना शेवटी लावतो त्याच्या जवळपासची. (प्लिमथ शहरात समुद्राकाठी 'हो' नावाचं एक प्रसिद्ध पठार आहे, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. तो 'हो' म्हणजे उंचवटा, आणि तो ओरडत नाही.) थोडक्यात, आमच्या गावाच्या नावाचं इमानदारीत मराठी करायचं तर ते 'पश्चिमेकडे चला' असं भारदस्त होणार नाही. ते 'कात्रज-कात्रज-कात्रज, चला दोन सीट, दोन सीट!' असं होईल. अशा नावाच्या गावात मी घर घेतलंय आणि त्याचे हप्ते फेडतेय.

नदीवरची ही ओरड नाटकवाल्यांच्या कानावर रोज पडायची, कारण त्यांचे प्रेक्षक होडीतूनच नदी ओलांडून यायचे. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये व्हायोला निघताना हेच शब्द उच्चारते. १६०४ च्या सुमारास डेकर आणि वेब्स्टर या जोडीने 'वेस्टवर्ड हो' नावाचं प्रहसनच लिहिलं. ते पाहून प्रतिस्पर्धी नाटक मंडळीकडून बेन जॉन्सन, चॅपमन आणि मार्स्टन यांनी 'ईस्टवर्ड हो' लिहिलं. त्यात नव्या राजाच्या स्कॉटिश मंडळींची टिंगल होती, त्यापायी जॉन्सन आणि चॅपमन तुरुंगात जाऊन आले. मग डेकर-वेब्स्टर यांनी उत्तरादाखल 'नॉर्थवर्ड हो' काढलं. दक्षिण तेवढी राहिली. यमाची दिशा म्हणून सोडली असेल म्हणावं, तर त्यांना आपला यम ठाऊक नव्हता.

पुढे अडीचशे वर्षांनी ही आरोळी एका पाद्रीबुवांच्या हाती लागली. चार्ल्स किंग्जली. डेव्हनचाच माणूस, लहानपण इथून जवळच्या क्लोव्हेली गावात गेलेलं. १८५५ साली त्यांनी 'वेस्टवर्ड हो!' ही ऐतिहासिक कादंबरी छापली. पहिल्या एलिझाबेथच्या काळातला बिडफर्डचा एक धिप्पाड तरुण, अमायस ली, पश्चिमेकडे समुद्रावर जातो, स्पॅनिशांशी लढतो, शेवटी आर्माडाच्या लढाईतही असतो. नावाड्याची ओरड इथे महासागराची ललकारी झाली, आणि उद्गारचिन्हाला बढती मिळून ते मुखपृष्ठावर बसलं. कादंबरी तुफान खपली. मी ती तिसऱ्या प्रयत्नात पुरी केली. त्यातला समुद्र उत्तम आहे. बाकी स्पॅनिश आणि कॅथलिक माणूस दिसला की तो दुष्टच, आणि लेखकाच्या अंगात पाद्री संचारला की पानंच्या पानं कीर्तन. आज इथे दहा जणांना विचारलं तर एकानेही ती वाचलेली नसते. गावाचं नाव ज्या पुस्तकावरून पडलं ते पुस्तक गावात कोणी वाचत नाही, हे मला फार आवडतं.

आता नीट ऐका, कारण लोकांचा घोटाळा इथे होतो. कादंबरी या गावात घडते असं अनेकांना वाटतं. कादंबरी आली तेव्हा हे गावच नव्हतं. होतं ते नॉर्दम बरोज नावाचं गायरान, वाळू, गवत आणि मेंढ्या. पुस्तक गाजलं, वाचक 'तो किनारा' बघायला येऊ लागले, आणि १८६३ साली काही मंडळींनी एक कंपनी काढली. नाव 'नॉर्दम बरोज हॉटेल अँड व्हिला बिल्डिंग कंपनी'. म्हणजे बिल्डरच. अध्यक्ष पोर्ट्समथचे पाचवे अर्ल, ज्यांचं नाव होतं आयझॅक न्यूटन वॉलप. थट्टा करत नाही. न्यूटनच्या सावत्र बहिणीची नात त्या घराण्यात सून म्हणून गेली होती, तेव्हापासून त्यांच्यात हे नाव ठेवत. कंपनीच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेलं होतं की किंग्जलीसाहेबांच्या पुस्तकामुळे या रमणीय किनाऱ्याकडे लोकांचं लक्ष वेधलं गेलं आहे. तेव्हा आता इथे हॉटेल आणि बंगले हवेत. हॉटेलला नाव दिलं पुस्तकाचं, मुखपृष्ठावर होतं तसं, चिन्हासकट. हॉटेलभोवती बंगले झाले, बंगल्यांभोवती दुकानं झाली, आणि हॉटेलचं नाव गावाला चिकटलं.

पुण्याच्या माणसाला यात नवल वाटायला नको. नदी नाही तिथे 'रिव्हरव्ह्यू', झाड नाही तिथे 'ग्रीनवुड्स', आणि हिंजवडीच्या पलीकडे अर्धी इटली, हे सगळं आपण रोज बघतो. फरक इतकाच की आपल्याकडे बिल्डरने दिलेलं नाव इमारतीपुरतं राहतं आणि पत्ता 'मारुतीच्या देवळामागे' असाच सांगितला जातो. इथे मारुती नव्हता.

स्वतः किंग्जलीला हे सगळं फारसं रुचलं नव्हतं. इतक्या सुंदर जागेची हॉटेलं नि बंगले बांधून नासाडी चाललीय, किनाऱ्यावरचे पक्षी बिथरतील आणि गोट्यांच्या बांधावर कोंबडीची हाडं नि सँडविचचे तुकडे पडतील, अशा अर्थाचं त्यांनी एका परिचिताला लिहिलं होतं. गृहस्थांची भविष्यवाणी तंतोतंत खरी ठरली. फक्त कोंबडीच्या जागी आता बटाट्याचे चिप्स असतात, आणि पक्षी बिथरण्याऐवजी ते चिप्स हातातून पळवतात. किंग्जलींचा संगमरवरी पुतळा मात्र बिडफर्डच्या धक्क्यावर आहे. कादंबरी बिडफर्डची, पुतळा बिडफर्डला, आणि नाव तेवढं आम्ही घेऊन आलो. बिडफर्डकर अजून याबद्दल काही बोलत नाहीत, पण बघतात.

गाव वसवणाऱ्यांचा अंदाज तसा चुकलाच. समुद्रात लांब जाणारा पिअर बांधला, तो अटलांटिकने दहा वर्षंही धड टिकू दिला नाही. १९०१ साली बिडफर्डहून छोटी रेल्वे आली. बाकीच्या देशातल्या कुठल्याच रुळांना न जोडलेली, आपल्याच नादात धावणारी. तिची तीन इंजिनं होती, त्यातल्या एकाचं नाव 'किंग्जली'. १९१७ साली पहिल्या महायुद्धासाठी सरकारने इंजिनं उचलून नेली आणि रेल्वे संपली. टिकलं ते गोल्फचं मैदान. १८६४ पासून ते त्याच गायरानावर आहे, आपल्या मूळ जागेवर असलेलं इंग्लंडमधलं सगळ्यात जुनं. मेंढ्या आणि घोडी अजून तिथे चरतात आणि खेळणारे त्यांना वळसा घालून खेळतात, कारण चराईचा हक्क जुना आहे.

हा हक्क ज्यांचा त्या गावकऱ्यांना 'पॉटवॉलपर' म्हणतात. (वरच्या वॉलपसाहेबांशी याचं नातं नाही, नुसता योगायोग.) पॉटवॉलपर म्हणजे ज्याच्या घरी स्वतःचं भांडं उकळतं तो. म्हणजे ज्याची चूल वेगळी तो! हे कळलं तेव्हा मला गलबलून आलं होतं. सात समुद्र ओलांडून आले तरी हिशेब चुलीनेच. या पॉटवॉलपर मंडळींचं एक कामही ठरलेलं. गायरान आणि समुद्र यांच्यामध्ये करड्या, गुळगुळीत गोट्यांचा लांबलचक नैसर्गिक बांध आहे. हिवाळ्यातल्या लाटा त्यातले गोटे खाली विखरून टाकतात, आणि गावकरी वर्षातून एकदा ते उचलून परत बांधावर टाकायचे. समुद्र पुढच्या हिवाळ्यात पुन्हा खाली आणणार. तरी टाकायचे. आमच्या वाड्यात गच्ची गळायची तेव्हा बाबा दर जूनमध्ये तिथे जे काही करायचे, त्याची मला आठवण येते.

आपल्याकडच्या वाचकांना आमच्या गावाशी जोडणारा धागा हवा असेल तर तोही आहे. बंगले खपेनात तेव्हा त्यातल्या बारा घरांच्या एका लांब रांगेत १८७४ साली शाळा निघाली. लष्करी अधिकाऱ्यांनी काढलेली, आपल्या मुलांना स्वस्तात शिकवता यावं म्हणून. १८७८ च्या जानेवारीत तिथे जाड भिंगाचा चष्मा लावलेला एक बारा वर्षांचा मुलगा दाखल झाला. जन्म मुंबईचा, १८६५ चा. वडील जे. जे. कला शाळेत शिकवायला होते. आजही जे. जे.च्या आवारात त्या जन्माची पाटी आहे. रुडयार्ड किपलिंग. साम्राज्याबद्दलची त्याची मतं गिळवत नाहीत ती नाहीतच. पण नावांच्या बाबतीत हा माणूस म्हणजे कळस आहे. आईवडिलांची गाठ स्टॅफर्डशरमधल्या रुडयार्ड नावाच्या तळ्याकाठी पडली म्हणून मुलाचं नाव रुडयार्ड. म्हणजे तळ्याचं नाव घेतलेला मुलगा कादंबरीचं नाव घेतलेल्या गावात शिकला, आणि पुढे त्याने या शाळेवर पुस्तक लिहिल्यावर इथल्या टेकडीला त्याचं नाव पडलं. किपलिंग टॉर्स. मी रोज संध्याकाळी त्या टेकडीवर चालायला जाते. कोण कोणाच्या नावाने ओळखलं जातंय याचा हिशेब चढावर तरी लागत नाही.

पण या गावाच्या नावातलं उद्गारचिन्ह खऱ्या अर्थाने कोणी कमावलं असेल तर ते दुसऱ्या महायुद्धातल्या काही इंग्रज शास्त्रज्ञांनी. १९४३ साल. फ्रान्सच्या किनाऱ्यावर जर्मनांनी काँक्रीटच्या भिंती उभ्या केलेल्या, त्या फोडायच्या कशा? एका सरकारी खात्याने यंत्र काढलं. दहा फूट व्यासाची दोन लाकडी चाकं, मधे स्फोटकांनी भरायचं पिंप, आणि चाकांच्या कडेला रांगेने अग्निबाण बांधलेले. बाण पेटवले की चाकं गरगर फिरणार, यंत्र बोटीतून उतरून वाळूवरून धावत जाणार आणि भिंतीवर आपटून फुटणार. दिवाळीतलं भुईचक्र उभं करून त्याला लढाईवर पाठवायचं, अशी एकंदर योजना. नाव ठेवलं 'पॅन्जँड्रम'. हा शब्द अठराव्या शतकात एका नटाने निव्वळ थट्टेसाठी रचलेल्या निरर्थक उताऱ्यातला. आणि या परमगुप्त यंत्राची चाचणी घ्यायला किनारा कुठला निवडला? आमचा. तोही सहलीला आलेली माणसं बघत असताना.

पहिल्या चाचणीत पिंपात स्फोटकांऐवजी वाळू होती, हे नशीब. यंत्र थोडं धावलं, एका चाकाचे काही बाण विझले आणि ते तिरकं झालं. मग बाण वाढवले. मग तिसरं चाक लावलं. मग दिशा धरायला पोलादी दोर बांधले, ते तुटले. १९४४ च्या जानेवारीत शेवटची चाचणी, बडे लष्करी अधिकारी आणि कॅमेरावाला हजर. यंत्र झोकात सुटलं, वेग घेतला, आणि डुगडुगायला लागलं. बाण सुटे होऊन चारी दिशांना जमिनीलगत सूं सूं करत उडाले. अधिकारी गोट्यांच्या बांधामागे धावले. एक कुत्रा एका बाणाचा पाठलाग करत गेला. यंत्र वाळूत आडवं होऊन जळत राहिलं. योजना रद्द झाली. भुईचक्र आपल्याकडे लहान पोरंसुद्धा लांबून काडी लावून पेटवतात. या खात्याने एखादं पुणेरी पोर सल्लागार नेमायला हवं होतं.

तुम्ही म्हणाल, इंग्रजांना नावं ठेवता येत नाहीत. अगदी. वेल्स-नेक्स्ट-द-सी म्हणजे 'समुद्राशेजारचं वेल्स', पण समुद्र तिथून मैलभर लांब सरकलाय आणि नाव जागच्या जागी. वेस्टन-सुपर-मेअर ऐकून लोकांना काहीतरी भन्नाट असेल वाटतं, तर ते नुसतं लॅटिन, 'समुद्रावरचं'. आमच्या जिल्ह्यात एक गाव वुल्फार्डिसवर्दी असं लिहितात आणि 'वुल्सरी' असं वाचतात, मधली अक्षरं कुठे जातात देव जाणे. डेव्हनच्याच दक्षिण किनाऱ्यावर 'बिअर' नावाचं गाव आहे, त्याचा बिअरशी संबंध नाही. पण मी हसायची कोण? मी जिलब्या मारुतीला प्रदक्षिणा घालत मोठी झाले. पत्ता सांगताना 'खुन्या मुरलीधराच्या अलीकडे, उपाशी विठोबाच्या पलीकडे' असं बिनदिक्कत म्हणणाऱ्या शहरातून आलेल्या बाईने एका उद्गारचिन्हावर तोंड मुरडू नये.

गेल्या जूनमध्ये बाबा आले. आई गेल्यापासून ते कुठे जात नव्हते. तीन वर्षं मनधरणी केली तेव्हा निघाले. मुंबई ते लंडन विमान, लंडनहून एक्सटर गाडी, एक्सटरहून बार्नस्टेपलची छोटी गाडी. स्टेशनवर 'टार्का लाइन' असं वाचून त्यांनी विचारलं, "हे टार्का कोण? कोणी सेनापती?"

"पाणमांजर, बाबा."

"कुठलं?"

"कादंबरीतलं. १९२७ ची आहे, याच भागात घडते."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे रेल्वे पाणमांजराच्या नावाची आणि गाव पुस्तकाच्या नावाचं. प्रूफं कोणी वाचली होती का या जिल्ह्याची?"

बसमधून उतरल्यावर ते गावाच्या पाटीसमोर उभे राहिले. चष्मा पुसला. मी मनात म्हटलं, खिशातून लाल पेन निघणार. नुसते बघत राहिले. अक्षरांमधलं अंतर ठीक आहे म्हणाले. चिन्हाच्या आधी जागा सोडलेली नाही, हेही बरोबर आहे म्हणाले. मग आम्ही गोट्यांच्या बांधावर गेलो. ओहोटी होती, वाळू लांबवर ओली, सूर्य लंडी बेटाच्या बाजूला उतरलेला. पलीकडे काय आहे, त्यांनी विचारलं. सरळ गेलं तर कॅनडा, मी म्हटलं. मधे काही नाही? काही नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग वाकून पायाशी घरंगळलेला एक गोटा त्यांनी उचलला आणि बांधावर नीट बसवला. मी पॉटवॉलपरांचं त्यांना काही सांगितलं नव्हतं. गच्चीची सवय असेल.

रात्री ते डायरी लिहीत बसले. वर्षानुवर्षं लिहितात, रोज चार ओळी, वर तारीख आणि मुक्काम. ते झोपल्यावर टेबल आवरताना ती उघडी दिसली. वाचायची नव्हती, पण वरची ओळ डोळ्यांत भरली. 'मुक्काम वेस्टवर्ड हो' आणि पुढे उद्गारचिन्ह. ते लाल पेनाने उडवलेलं. आणि उडवलेल्या चिन्हाखाली बारीक टिंबं दिलेली.

छापखान्याशी संबंध न आलेल्यांसाठी सांगते. प्रुफात काढलेली गोष्ट परत राहू द्यायची असेल तर तिच्याखाली अशी टिंबं देतात.